हात दिसले पाहिजेत

जयवंतकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एक बाई होते.

दादरच्या एका साडीच्या दुकानात मी मुलाखतीला गेले होते. दुपार होती. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी गादी पसरलेली. गादीच्या मधोमध एक माणूस गुडघ्यांवर उभा होता. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पिकलेल्या मिशा, डाव्या खांद्यावर आमसुली पदर. त्यानं मान जराशी वळवली. पदर कोपरावर घेतला. एवढंच केलं. आणि मिशा दिसेनाशा झाल्या. तिथे कुणाची तरी मोठी बहीण उभी होती, लग्नघरी निघालेली, थोडी दमलेली, आतून खूश.

समोर बसलेल्या बाई म्हणाल्या, "अगंबाई."

मग त्यानं पदर उतरवला. घडी घातली. मिशा परत आल्या.

मी दारातच थांबले होते. मालकांची केबिन मागच्या बाजूला होती आणि तिथे जायचं तर गादीवरून जावं लागे. म्हणजे चपला काढाव्या लागणार. माझ्या उजव्या चपलेचा पट्टा तुटला होता. त्याला सेफ्टी पिन होती. मी डावी चप्पल उजवीवर चढवून ठेवली आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा चपला कोपऱ्यात, भिंतीला लागून नीट ठेवलेल्या होत्या. गर्दीत कुणीतरी सरकवल्या असतील, असं वाटलं.

नोकरी मिळाली. मी गिरगावची, मराठी घेऊन एम. ए. केलेली. त्याआधी पाच मुलाखतींत नापास. इथे काम सोपं होतं. दुकानाची नवी वेबसाइट होती. प्रत्येक साडीच्या फोटोखाली चार ओळी लिहायच्या. मला रंगांची नावंसुद्धा येत नव्हती. मी 'निळा' लिहायचे. काका मागून म्हणायचे, "चिंतामणी गो, बाय. निळा आकाशाचा असता."

तेव्हापासून आमची मैत्री. ते सत्तावन्न वर्षांचे, मी चोवीस.

काका मूळ देवगडकडचे, पण जन्म काळाचौकीचा. वडील गिरणीत साचेवाले, मागावर काम करणारे. गिरणी बंद पडली तेव्हा काका शाळेत होते. एकोणिसाव्या वर्षी या दुकानात आले ते माळ्यावरून गठ्ठे आणायला. गादीवर बसायची परवानगी नव्हती. गादीवर रामचंद्र मास्तर बसायचे. साड्या विकणाऱ्याला मास्तर का म्हणायचे, ते काकांनाही ठाऊक नाही. सगळे म्हणायचे.

दोन वर्षांनी मास्तरांनी काकांना गादीवर घेतलं. साडीला हात लावू दिला नाही. म्हणाले, "आधी बसायला शीक."

"तीन महिने नुसता बसलो," काका मला सांगत होते. "डावी मांडी जमिनीला. उजवा गुडघा थोडा वर. म्हणजे उठायला एक सेकंद लागतो. पाठ सैल. ताठ बसलास तर बाई समजते, हा माल गळ्यात मारणार. आणि हात मांडीवर, उताणे. हात दिसले पाहिजेत. हात साडीखाली गेला की गिऱ्हाइकाला वाटतं, डाग लपवतो."

"आणि बघायचं कुठे?"

"पायांकडे."

मला हसू आलं. काका हसले नाहीत.

"चपला काढताना माणूस कळतं, बाय. एक बाई चपला भिरकावते. तिला आज घ्यायचंच आहे. एक जोडी जुळवून ठेवते, मग पुन्हा वळून बघते. ती विचारायला आली आहे, घेणार पुढच्या महिन्यात. तिला घाई करायची नाही. एक नवऱ्याच्या चपलापण सरळ करते. तिला रंग विचारायचा नाय, त्याला विचारायचा. तो सांगतो त्याच्या उलट रंग तिला पाहिजे असतो."

"आणि तोंडाकडे कधी बघायचं?"

"तिनं आपल्याकडे बघितलं की. त्याआधी नाय. नवीन माणसाला नजरेचं ओझं होतं. आपण आपली घडी घालत बसायचं. तिला बघायला कायतरी द्यायचं."

मी ते पाहिलंय. दीड वर्ष रोज. बाई आत यायची, बावरलेली. काका तिच्याकडे बघत नसत. एखादी साडी उलगडून पुन्हा घडी घालत असत, अगदी हळू. जरीचा उजेड छतावर हलायचा. बाई त्या उजेडाकडे बघत बघत खाली बसायची. बसली हे तिलाही कळायचं नाही. मग काकांचे दोन्ही तळवे पुढे यायचे, रिकामे. "या," म्हणायचे. जणू ती पूर्वीही येऊन गेली होती. दुपारी चारच्या सुमारास पांढऱ्या गादीवर उघड्या साड्यांचा ढीग साचायचा. मोरपंखी, डाळिंबी, अबोली, श्रीखंडी. त्यात काका छातीपर्यंत बुडालेले. मला वाटायचं, हा माणूस कुठेतरी पोहतो आहे आणि आपल्याला किनारा दिसत नाहीये.

यंदा जानेवारीत गादी गेली.

विनीत मालकांच्या तिसऱ्या पिढीचा. चांगला मुलगा आहे. काकांना काका म्हणतो. पण त्याचं म्हणणं, नव्या मुली बूट घालून येतात, त्यांना बूट काढायचा कंटाळा येतो, त्या दारातून परत जातात. ते खरंही होतं. गादीच्या जागी काचेचे काउंटर आले. कंबरेएवढे. खाली चकचकीत फरशी. वर इतके दिवे, की कुठलाच रंग स्वतःचा राहिला नाही.

मग नूपुरमॅडम आल्या. शिकवायला. तीन दिवस, सकाळी दोन तास. त्या मला आवडल्या. स्पष्ट बोलायच्या, कुणाचा अपमान करायच्या नाहीत.

"पहिले सात सेकंद," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात कस्टमर ठरवतो, हा माणूस बरा की नाही. तुम्ही बोलायच्या आधी तुमचं शरीर बोललेलं असतं. तीन सेकंदांत आय कॉन्टॅक्ट. स्माइल. पाठ सरळ. एक पाऊल पुढे. हाताची घडी नको, हात खिशात नकोत. तळवे दिसू देत."

काका एकदम पुढे सरकले. "मॅडम, ह्ये आमचे मास्तरपण सांगायचे. हात दिसले पाहिजेत."

"बघा!" नूपुरमॅडमना आनंद झाला. "मग तुम्हाला सोपंच जाईल."

सोपं गेलं नाही. बाकीचे तिघे तरुण. ते आठवडाभरात शिकले. काकांना उभं राहताच येईना. छत्तीस वर्षं ज्या शरीरानं बसून बोलायचं काम केलं, त्याला एकदम उभं केलं होतं. हात कुठे ठेवायचे कळेना. काउंटरवर ठेवले तर बँकेतल्या माणसासारखे दिसत. खाली सोडले तर शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. आणि काउंटरमुळे पाय दिसत नव्हते. कोण आलंय, कशाला आलंय, काहीच कळत नव्हतं. मग काका तीन सेकंदांत बघायचे आणि हसायचे. इतके जोरात बघायचे, की एक मुलगी "सॉरी" म्हणून निघून गेली.

शेवटच्या दिवशी विनीतनं सांगितलं, "पुढच्या महिन्याभरात कधीतरी मॅडमची माणसं येतील. कस्टमर बनून. कोण, ते मलापण माहीत नाही. प्रत्येकाला दहापैकी मार्क. सातच्या खाली गेला तो वर माळ्यावर. घड्या, पिको-फॉल, पार्सल. पगार तोच राहील हां. कुणी टेन्शन घेऊ नका."

त्या दुपारी काका जिन्यावर बसले होते. मी शेजारी बसले.

"पगार तोच आहे ना, काका," मी म्हणाले. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"पगाराचं नाय गो." ते जिन्याच्या वरच्या अंधाराकडे बघत होते. "वर माणूस येत नाय."

सोमवारी दुकान बंद असतं. मी काळाचौकीला त्यांच्या घरी गेले, सराव करायला. मीच गिऱ्हाइक. चाळीची गॅलरी म्हणजे दुकान. इस्त्रीचं टेबल म्हणजे काउंटर. शेवंताकाकू दारात मटार सोलत बसल्या होत्या.

मी गॅलरीच्या टोकापासून चालत आले. काकांनी पाठ ताठ केली. एक पाऊल पुढे. बघितलं. हसले.

"अरे देवा," काकू म्हणाल्या. "दात दाखवूक डॉक्टराकडे इलंस काय?"

"गप गो. शिकतंय मी."

"शिक, शिक. छत्तीस वर्सां बसान विकल्यान. आता उभ्यान पळवतलो."

मी पुन्हा चालत आले. तिसऱ्यांदा आले. चौथ्यांदा. शेजारच्या खोलीतल्या दुर्गाबाई बाहेर आल्या आणि खुर्ची घेऊन बसल्या. काकांच्या कपाळावर घाम होता.

"काका, तुम्ही माझ्याकडे नका बघू," मी शेवटी म्हणाले. "माझ्यामागे कुणी आहे असं समजून बघा."

"मागे दुर्गेची खुर्ची हा," काकू म्हणाल्या. "तिच्याकडे बघल्यान तर मिया जिता सोडूचंय नाय." गॅलरी हसली. काकाही हसले. पहिल्यांदा खरं हसले. ते हसू सुंदर होतं आणि नियमात बसणारं नव्हतं. डोळे मिटूनच गेले होते.

चहा पिताना मी विचारलं, "मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही माझ्यात काय बघितलंत?"

"काय नाय."

"सांगा ना."

काकांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. "पिन," म्हणाले. "तू एकावर एक ठेवलीस. पण वरची घसरली. दिसायला लागली. मालक तुला सोडायला बाहेर येणार, त्याचं लक्ष जाणार. मग मी चपला भिंतीला लावल्या. पिन भिंतीकडे केली."

दीड वर्ष मी त्या मुलाखतीचं श्रेय माझ्या उत्तरांना देत होते.

त्यानंतरच्या बुधवारी कौसल्याबाई आल्या.

अर्थात, नाव नंतर कळलं. दुपारची वेळ, दुकान जवळजवळ रिकामं. माहीमच्या कोळीवाड्यातली बाई. सत्तरीची, ठेंगणी, लुगडं नेसलेली, हातभर हिरवा चुडा. दारात आल्या आणि थांबल्या. दिव्यांकडे बघितलं. फरशीकडे बघितलं. एक तरुण विक्रेता पुढे झाला, हसला, "वेलकम मॅडम" म्हणाला. त्या मागे सरकल्या.

"बसाला जागा नाय का रं तुमचे दुकानान?"

"मॅडम, इथे काउंटरवर बघू शकता तुम्ही."

"उभ्या उभ्या साडी घ्याची? मी काय रांगेन उभी हाय?" त्या वळल्या. एक गुडघा दुखत असावा. दाराच्या चौकटीला धरून उतरत होत्या.

मी काकांकडे बघत होते. ते बाईंच्या पायांकडे बघत होते. दारापर्यंत मध्ये काउंटर नव्हता.

ते जिन्याकडे गेले. इतक्या भरभर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वर गेले, खाली आले. हातात पांढरी चादर होती. जुन्या गादीवरची. माळ्यावर गठ्ठे झाकायला ठेवलेली. त्यांनी ती दोन काउंटरांच्या मधल्या फरशीवर टाकली. चादर हवेत फुगली, थोडा वेळ तशीच राहिली, आणि मग हळूच खाली आली. काका बसले. डावी मांडी जमिनीला, उजवा गुडघा वर. बाईंकडे बघितलं नाही. समोर पडलेली साडी घेऊन घडी घालायला लागले.

कौसल्याबाई दारातून बघत राहिल्या. मग परत आल्या. चपला काढल्या. जोडीनं ठेवल्या. मग पुन्हा वाकून आणखी थोड्या कडेला केल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी चपलांना जागा सोडल्यासारख्या. बसल्या. एक गुडघा वर, हात गुडघ्यावर. मी दोघांना बघितलं आणि थक्क झाले. दोघं एकाच पद्धतीनं बसले होते. मधे फक्त माशांची टोपली नव्हती.

"या," काका म्हणाले. तळवे पुढे आले.

"तुजे हात दिसले म्हनून बसलू," त्या म्हणाल्या. "चालीस वर्सां म्हावरां इकतंय मी. हात लपवनारा मानूस मना नको."

काकांचे डोळे क्षणभर मिटले.

"कुणाच्या घरी जायचंय?" त्यांनी विचारलं. कुणासाठी घ्यायची, असं नाही विचारलं.

"तुला कसा कललां?"

"चपलांनी सांगितलं."

त्या हसल्या. मग सांगितलं. नातवाचं लग्न ठरतंय. मुलगी गिरगावची, ऑफिसवाली. रविवारी पहिल्यांदा तिच्या घरी जायचं. नातू म्हणतो, आजी, त्या दिवशी सहावारी नेस. लुगडं नको. "पयल्यांदाच बगनार ती मानसां. त्यांना काय वाटाचां?" हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला. त्या स्वतःच्या हाताचा वास घेतात की काय, असं मला वाटलं. घेतला नाही. हात मागे नेला फक्त.

काकांनी एक सहावारी काढली. मोरपंखी, बारीक काठाची. गुडघ्यांवर उभे राहिले आणि ती खांद्यावर घेतली. आणि ते कौसल्याबाई झाले. पण आखडलेल्या. सहावारीत अडकलेल्या. पदर सारखा सावरणाऱ्या, निऱ्या दाबून धरणाऱ्या, सोफ्याच्या टोकावर बसलेल्या. हात कुठे ठेवायचे ते न कळणाऱ्या. मला ते हात ओळखीचे वाटले. महिनाभर काउंटरमागे तेच हात बघत होते मी.

कौसल्याबाई खो खो हसल्या. "मेल्या, माजीच नक्कल करतंस!"

मग काकांनी साडी उतरवली. कपाटातून नऊवारी काढली. डाळिंबी, काठ हिरवा. कोळणी नेसतात तशी त्यांनी ती शर्टावरूनच कंबरेला खोचली. मान वर झाली. एक हात कमरेवर गेला. दुकानातले दिवे तसेच होते, पण मला वाटलं, कुठूनतरी वारा आला. दुकानाच्या मधोमध एक बाई होती. तिनं चाळीस वर्षं बाजार चालवला होता. तिला कुणाच्याही घरी जायची भीती नव्हती.

"अशा जावा," काका म्हणाले. त्यांच्याच आवाजात. "दारातून आत जाल तेव्हा हात कमरेवर आला तर येऊ दे. तुमचा हात तिथलाच आहे. मुलीच्या घरच्यांनी तुम्हाला बघायचंय ना? मग तुम्हालाच बघू दे."

कौसल्याबाई पुढे वाकल्या. डाळिंबी कापडावरून बोटं फिरवली. "हीच दे," म्हणाल्या. मोरपंखी साडी त्यांनी पायानंच बाजूला सारली.

तेव्हा माझं लक्ष गेलं. काउंटरला टेकून एक मुलगी उभी होती. तिशीची, पाठीला सॅक, पायात पांढरे बूट. कधी आली कळलंच नाही. तिच्याकडे कुणीच गेलं नव्हतं. तरुण विक्रेतेही चादरीकडे बघत होते. मुलीनं खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. चादरीच्या कडेला बसली.

"ती हिरवी-निळी बघू का?" तिनं विचारलं. "ती ह्यांनी ठेवली ती."

"मोरपंखी," काका आणि मी एकदम म्हणालो.

शनिवारी विनीतनं मला केबिनमध्ये बोलावलं. काका आधीच तिथे होते. उभे, हात लोंबत ठेवून. टेबलावर नूपुरमॅडमचा कागद होता. इंग्रजीत होता, काकांना कळावा म्हणून मला वाचायला सांगितलं. मी मराठीत सांगत गेले.

"सात मिनिटं माझी कुणीही दखल घेतली नाही. नजरेला नजर नाही. संबंधित विक्रेता जमिनीवर बसलेला होता व त्यानं साडी परिधान केलेली होती. गुण, दहापैकी..." मी थांबले.

"वाच गो," काका म्हणाले.

"चार."

काकांनी मान हलवली. चार म्हणजे चार. त्यांनी खिशातून काउंटरच्या कपाटाची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "सोमवार गेला की वर जातो," म्हणाले. "मंगळवारपासून."

"खाली एक ओळ आहे," मी म्हणाले. "हातानं लिहिलेली."

विनीतनं कागद ओढून घेतला. स्वतःच वाचली. मग पुन्हा वाचली. परीक्षा घ्यायला आलेल्या माणसानं काही विकत घ्यायचं नसतं, असा त्यांचा नियम आहे. त्या मुलीनं लिहिलं होतं: मी साडी घेतली. पुढच्या महिन्यात आईला घेऊन येणार आहे. तिचे गुडघे दुखतात. चादर असेल का?

विनीतनं काचेतून बाहेर बघितलं. बाहेर काउंटर चकाकत होते. तिथे कुणी नव्हतं.

"ती चादर आहे कुठे?" त्यानं विचारलं.

"घडी करून माळ्यावर ठेवली परत."

"मळलीय किती, बघितलंत का? कस्टमरला बसवता त्याच्यावर." त्यानं किल्ली काकांकडे सरकवली. "धुवून आणा."

काकांनी ती उचलली. खिशात टाकली. बाहेर पडताना त्यांचे दोन्ही हात थोडे पुढे होते, तळवे वर. त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

दुकानाचा लाँड्रीवाला आहे. काकांनी त्याला चादर दिली नाही. सोमवारी मी काळाचौकीला गेले तेव्हा ती चाळीच्या गॅलरीत वाळत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चार खोल्यांची दारं तिच्यामागे झाकली गेली होती. उन्हात ती वाऱ्यानं भरत होती आणि रिकामी होत होती. मागून शेवंताकाकूंचा आवाज येत होता, की धा येळा धुतली, तरी ह्येचा समाधान नाय.

काका खाली बसले होते. चादरीची सावली अंगावरून पुढे-मागे होत होती. मी जिन्यावरून वर आले. त्यांनी वर बघितलं नाही. मी चपला काढायची ते वाट बघत होते.